नाशिकमध्ये राहून आर अँड डी मॅनेजर व्हायचं म्हणजे नेमकं काय?

अंबडचा अभ्या

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे नुसता वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वय ३४, मेकॅनिकल इंजिनिअर. अंबडला एका मध्यम आकाराच्या स्विचगिअर कंपनीत अकरा वर्षं डिझाइनला आहे. ११ केव्हीचे ब्रेकर (बिघाड झाला की वीज तोडणारी उपकरणं), त्यांची मेकॅनिझम, पॅनलचे सुटे भाग, असं आमचं काम. आमचे आर अँड डीचे (संशोधन व विकास खात्याचे) साहेब दिवाळीनंतर निवृत्त होतायत. मागच्या आठवड्यात शेठनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला (तेव्हाच कळलं की काहीतरी आहे) आणि म्हणाले, "डिपार्टमेंट आता तू बघ." पदरात सात माणसं, एक छोटी लॅब आणि तीन अर्धवट प्रोजेक्ट. पगारवाढ बरी आहे.

आनंद व्हायला हवा, तर झोप उडालीय. मला डिझाइन आवडतं. मीटिंगमध्ये दहाव्या मिनिटाला मी वहीत स्प्रिंगची चित्रं काढायला लागतो. बायको म्हणते डोळे मिटून हो म्हण. चाकणचा मित्र म्हणतो नाशकात आर अँड डीला काही राम नाही, इकडे ये. सासरे म्हणतात आधी एमबीए कर.

जे या वाटेने गेलेत त्यांनी सांगा: हे पद म्हणजे नेमकं कसलं काम असतं? आणि नाशकात राहून करण्यासारखं आहे का? आईवडील सिडकोत आहेत, त्यामुळे गाव सोडणं तितकं सोपं नाही.

खवट

नाशकात आर अँड डी? सातपूर, अंबड, गोंदे कुठेही जा, ड्रॉइंग येतं जर्मनीहून नाहीतर पुण्या-बंगलोरहून. आपण त्यावर मराठीत चर्चा करतो, एवढंच आपलं संशोधन. उरलेल्या ठिकाणी दुसऱ्याचा माल खोलून मोजमापं घेतात. अख्ख्या देशाचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के, त्यात आपल्या एमआयडीसीच्या वाट्याला काय येणार! पगारवाढ घ्या आणि गप्प बसा.

रेवती सिडको

खवट, तुमचं नाव अगदी शोधून ठेवलंय. :)

अभ्या, अभिनंदन आधी. पेढे कुठे?

ओझरकर

खवट यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून उरलेलं अर्धं सांगतो.

माझी सगळी नोकरी ओझरला एचएएलमध्ये गेली. १९६४ साली हा कारखाना उभा राहिला तो मिग-२१ साठी. पुढे मिग-२७ आलं, सुखोई-३० आलं. लायसन्सवर विमान बांधणं म्हणजे खायचं काम नाही. आमच्यातले फिटर डोळे मिटून रिव्हेटचा आवाज ओळखायचे. पण एखादा साधा वॉशर बदलायचा झाला तरी मूळ डिझाइनवाल्याची संमती लागायची. का बदलायचा हे आम्हाला पक्कं माहीत असायचं, पण ठरवायचा अधिकार आमचा नव्हता. नंतर मी त्याच आवारातल्या अपग्रेडच्या डिझाइन सेंटरमध्ये गेलो. जुन्या विमानात नवी उपकरणं बसवायची, त्यासाठी वायरिंग, वजन, थंडावा सगळं नव्याने जुळवायचं. तिथे पहिल्यांदा ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत आमच्या माणसाची सही बघितली. इमारत तीच, कॅन्टीन तेच, पण काम पार वेगळं.

तेव्हापासून कोणीही मला 'आमच्याकडे आर अँड डी आहे' म्हणालं की मी एकच विचारतो: ड्रॉइंगवर मंजुरीची सही कोणाची असते? सही इथल्या माणसाची असेल तर सात माणसांचं खातंही आर अँड डी आहे. सही बाहेरून येत असेल तर दोनशे माणसांचं असलं तरी ती प्रॉडक्शनची सोय आहे. तेही प्रतिष्ठेचं काम आहे, पण त्याला त्याच्या नावाने हाक मारावी.

अभय, तुझ्या कंपनीत सही कोणाची?

अंबडचा अभ्या

काका, प्रश्न बरोबर जागी लागला. काढणारा मी, तपासणारे साहेब, आणि मंजुरीच्या रकान्यात शेठचं नाव चक्क छापलेलंच आहे. शेठ कॉमर्सचे. सही करताना ते ड्रॉइंग बघत नाहीत, साहेबांच्या चेहऱ्याकडे बघतात.

खवट

हा हा. म्हणजे चेहऱ्याचं टॉलरन्स प्लस-मायनस किती?

मृणालिनी के

अभय, मी तुझ्याच क्षेत्रातली. सातपूरला सोळा वर्षं, त्यातली शेवटची सहा आर अँड डी मॅनेजर म्हणून. आता सल्लागार आहे. थोडं लांबेल, पण कोणीतरी मला हे तेव्हा सांगायला हवं होतं म्हणून लिहिते.

पहिल्या वर्षीची गोष्ट. आमचा १२५० अँपिअरचा नवा ब्रेकर. बाहेरच्या लॅबमध्ये तापमानवाढीच्या चाचणीला गेला. चांदीचा मुलामा दिलेल्या काँटॅक्टला तेव्हा हवेत ६५ केल्विनपर्यंत वाढ चालायची, म्हणजे बाहेर चाळीस अंश धरले तर एकशे पाच. ब्रेकरच्या तीन पोलांपैकी (दर फेजला एक) आमचा एक पोल ७१ वर जाऊन बसला. बाकी दोन्ही पोल ठीक. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी काय केलं असेल? अंगात इंजिनिअर संचारला. बॅग टाकली आणि थेट लॅबमध्ये. घरी, म्हणजे कंपनीच्याच लॅबमध्ये, ही चाचणी लावायला फार काही लागत नाही, जास्त करंटचा ट्रान्सफॉर्मर आणि थर्मोकपल पुरतात. तीन आठवडे मी स्वतः मायक्रोओहम मोजत बसले होते. शेवटी सापडलं. काँटॅक्टच्या बोटांमागच्या स्प्रिंगा. व्हेंडरने न सांगता तार बदलली होती. थंड असताना स्प्रिंग मापात, तापली की ढिली. दाब कमी झाला की रेझिस्टन्स वाढतो, त्याने उष्णता वाढते, त्याने स्प्रिंग आणखी ढिली. एकदा हे चक्र सुरू झालं की सहज थांबत नाही. तो पोल वेगळा निघाला कारण त्यात नवा लॉट होता. सापडल्यावर मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

आणि त्याच तीन आठवड्यांत काय काय झालं ते ऐक. लॅबमधली पुढची तारीख मी धरून ठेवली नव्हती, ती गेली. शॉर्टसर्किटची चाचणी घरी होत नाही, त्यासाठी सीपीआरआयच्या (केंद्र सरकारच्या वीज संशोधन संस्थेच्या) भोपाळ नाहीतर बंगलोरच्या दारात रांगेत उभं राहावं लागतं, तो नंबरही त्यामुळे मागे गेला. मार्केटिंगने गिऱ्हाइकाला जुनीच तारीख सांगितली, कारण नवी तारीख त्यांना कोणी कळवलीच नव्हती. माझ्या खात्यातली दोन पोरं दुसऱ्या प्रोजेक्टवर माझ्या 'हो'साठी थांबून होती. आणि ज्या पोराचा तो ब्रेकर होता त्याचं काम मी त्याच्या हातातून काढून घेतलं, ते वेगळंच. तो सहा महिन्यांत पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "मॅडम, तुम्ही भारी इंजिनिअर आहात." माझ्या कानाला त्यात टोमणाच ऐकू आला.

तेव्हा कळलं की हे प्रमोशन नव्हतं, धंदाच बदलला होता. स्प्रिंग शोधणं त्या पोराचं काम होतं. माझं काम होतं त्याला तीन आठवडे निवांत मिळवून देणं, मालकाला खरं सांगणं, गिऱ्हाइकाची तारीख हलवणं, आणि व्हेंडर न विचारता तार बदलूच शकणार नाही अशी व्यवस्था लावणं.

मृणालिनी के

राहिलंच. सगळ्यात अवघड काम ते नाही. प्रोजेक्ट बंद करणं सगळ्यात अवघड. तुझ्या तीन अर्धवट प्रोजेक्टांपैकी एक तरी असा असणार की जो मेलाय हे सगळ्यांना माहीत आहे, पण कोणी म्हणत नाही. तो तुलाच म्हणावा लागेल, आणि बहुतेक तो शेठच्या आवडीचा असेल.

अंबडचा अभ्या

ताई, तुम्ही आमच्या कंपनीत हेर ठेवलाय का? आहे तसा एक. चार वर्षं झाली. शेठनी एका प्रदर्शनात काहीतरी बघितलं होतं, तेव्हापासून.

गोडी छाटणी

मी इंजिनिअर नाही, दिंडोरीला द्राक्षबाग आहे, पोरगा अंबडला नोकरीला म्हणून धागा उघडला. ताईंचं वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे ऑक्टोबरच्या छाटणीआधी काडी तपासून घेतात. डोळ्यात घड आहे की नाही ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि किती डोळ्यांवर कात्री मारायची ते त्यावर ठरवायचं. नंतर घड निघाले की विरळणी. चांगले दिसणारे, हिरवेगार घड हाताने तोडून खाली टाकायचे. नवीन मजूर असला की त्याचा हात धजत नाही, म्हणतो मालक चांगला माल आहे. पण वेलीची ताकद तेवढीच. सगळे ठेवले तर एकाही घडाचा मणी फुगत नाही, आणि एक्स्पोर्टचा व्यापारी बांधावरूनच माघारी जातो.

माझे वडील विरळणी स्वतः करायचे नाहीत. बाकी सगळं करायचे, विरळणीला मात्र मला पाठवायचे. म्हणायचे मी लावलेत, मला तोडवत नाहीत.

रेवती सिडको

_/\_ काका. हे छापून भिंतीवर लावते.

मृणालिनी के

गोडी छाटणी काका, सहा वर्षांत मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कोणी हे इतकं सरळ सांगितलं नाही.

सिन्नरचा गोळीवाला

आमच्या औषधांच्या क्षेत्राचं थोडक्यात सांगतो, म्हणजे अभयला फरक कळेल. मी एम. फार्म., फॉर्म्युलेशनमध्ये. मोठ्या कंपनीत पीएचडी नसेल तर एका पायरीनंतर गाडी अडते. तुमच्याकडे तसं नाही, तिथे अनुभव चालतो. तरी मनात असेल तर आयआयटी मुंबईत नोकरी सांभाळून बाहेरून पीएचडी करता येते, पण कंपनीची संमती लागते आणि तिथे संशोधनाची सोय आहे हे दाखवावं लागतं. सात माणसांच्या लॅबला ते जड जाईल.

काम मात्र तेच. बीकरमध्ये जमलेली गोळी प्लांटच्या मोठ्या मशीनवर फुटते. लॅब म्हणते प्लांटवाल्यांना येत नाही, प्लांट म्हणतो लॅबवाल्यांनी नीट दिलं नाही. मॅनेजर मधे. जेवायला मी मुद्दाम प्लांटच्या लोकांबरोबर बसतो. अर्धे प्रश्न डब्यावरच सुटतात.

मुक्तछंद

एमबीएबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. मी आपल्या गोवर्धनच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी करता करता केलं. वर्गात बसून नेता होता येतं असं मला वाटत नाही, पण एक गोष्ट नक्की मिळाली: ताळेबंद वाचता यायला लागला. आधी मी मालकाकडे जाऊन म्हणायचो, "सर, हे मशीन लॅबला खूप उपयोगी आहे." आता म्हणतो, "बाहेर चाचणीला वर्षाला एवढे जातात, दोन वर्षांत मशीन फिटतं." मशीन तेच, माणूस तोच, पण दुसऱ्या वाक्याला सही मिळते. सासऱ्यांना सांग, करतो, पण आधी पद घेतो. उलट्या क्रमाने केलंस तर शिकताना डोळ्यासमोर प्रश्न नसतात.

खवट

आणि करसवलतीचं सांगा की कोणीतरी. आर अँड डीच्या खर्चावर आयकर कायद्याच्या कलम ३५(२एबी) खाली दुप्पट वजावट मिळायची तेव्हा काय पेव फुटलं होतं! मी एका ठिकाणी होतो, नाव घेत नाही, तिथे स्टोअरच्या मागच्या खोलीवर 'संशोधन व विकास' अशी पाटी लागली. आत तीन मोडक्या खुर्च्या आणि कॅलेंडर. मार्च २०१७ नंतर दुप्पटची दीडपट झाली, २०२० पासून सवलतच उरली नाही, जेवढा खर्च तेवढीच वजावट. पाटी उतरली. खुर्च्या अजून असतील.

मुक्तछंद

खवटराव, किस्सा भारी, पण अभयला त्याचा उपयोग सांगू का? पाटी लावायची असेल तर खरी लावा. डीएसआयआरची (केंद्राच्या औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता घ्यायची तर आर अँड डीची जागा वेगळी, माणसं वेगळी, हिशेब वेगळा दाखवावा लागतो. सवलत सोडा, पण नुसता हिशेब वेगळा झाला तरी मॅनेजरच्या हाताला बळ येतं. नाहीतर तुझ्या स्प्रिंगा मेंटेनन्सच्या बिलात जातात आणि वर्षअखेरीला शेठ विचारतो, "तुमच्या खात्याने केलं काय?"

पंचवटी एक्सप्रेस

मी पेटंटच्या कामासाठी मुंबईला अप-डाउन करतो. (गाडी आज पंचवीस मिनिटं लेट, म्हणून एवढं लिहितोय.) अभयने प्रदर्शनाचा उल्लेख केला म्हणून सावध करतो.

इथल्याच एका कारखान्याने नवं लॉकिंग शोधलं, चांगलं होतं. आधी प्रदर्शनात मांडलं, व्हिडिओ काढला, सगळ्या ग्रुपवर फिरवला आणि चार महिन्यांनी माझ्याकडे आले पेटंट करा म्हणून. जगासमोर आलेली गोष्ट नवी राहत नाही. प्रदर्शनासाठी कायद्यात बारा महिन्यांची मुभा आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती. मैदानावर मांडव टाकला की ते अधिसूचित होत नाही.

आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकायचा. छोट्या उद्योगाला ऑनलाइन फी १,६०० रुपये, मोठ्यांना ८,०००. मग पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. परीक्षणाची विनंती पूर्वी अठ्ठेचाळीस महिन्यांत करायची असायची, २०२४ च्या नियमांनी ती मुदत एकतीसवर आणली, तेवढं लक्षात ठेव. मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं. मॅनेजर झालास की पहिल्याच आठवड्यात मार्केटिंगवाल्यांना सांग: मला विचारल्याशिवाय फोटो नाही. चिडतील. चिडू देत.

सातपूरचा सद्या

चाकणच्या मित्राबद्दल माझे दोन पैसे. मी पुण्याला सहा वर्षं काढून परत आलो. तिथे मोठ्या कंपनीत 'मॅनेजर' होतो, पण माझ्याकडे होता एका दरवाजाचा एक बिजागर. खरंच सांगतो. त्याचं मला सगळं येतं, शेजारच्या काचेचं काही येत नाही. इथे येऊन पहिल्या महिन्यात डिझाइन, खरेदी, टेस्टिंग, गिऱ्हाइकाच्या शिव्या, सगळं एका दिवसात. पगार कमी झाला, खोटं नाही बोलणार. पण आता मायको सर्कलहून वीस मिनिटांत घरी असतो.

आणि नाशकात काही होत नाही म्हणणाऱ्यांनी थोडं मागे बघावं. १९९३ साली पवन गोएंका अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये चौदा वर्षं काढून महिंद्रात आर अँड डीचे जनरल मॅनेजर म्हणून आले. २००२ साली स्कॉर्पिओ आली, ती आपल्या प्लांटमधून बाहेर पडली. तेच गृहस्थ पुढे कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर झाले.

खवट

आणि २०१२ साली महिंद्राने आपलं संशोधन केंद्र, रिसर्च व्हॅली, कुठे उघडलं? चेन्नईजवळ. माझा मुद्दा तोच आहे, सदाभाऊ. प्लांट राहतो, सही जाते.

ओझरकर

हे मात्र खवट बरोबर बोलले. मोठ्या कंपनीची सही कुठे न्यायची ते मोठे लोक ठरवतात, त्यावर आपला हात चालत नाही. म्हणूनच मला अभयची सात माणसं जास्त मोलाची वाटतात. ती सही अंबडमधून कुठे जाणार? फक्त शेठकडून अभयकडे यायचीय.

अभय, पगाराचं बोलणं झालं असेल तर आता सहीचं बोल.

रेवती सिडको

अभ्या, कुठे गायब? पेढे नाहीत, उत्तर नाही. आम्ही इथे जागरण करतोय.

अंबडचा अभ्या

सॉरी मंडळी, दोन आठवडे डोकं वर काढायला वेळ मिळाला नाही. सगळ्यांना एकत्रच लिहितो.

हो म्हटलं. पण त्याआधी शेठकडे तासभर बसलो. मुक्तछंद यांच्या सल्ल्याने कागद घेऊन गेलो होतो: मागच्या तीन वर्षांत बाहेरच्या चाचण्यांवर किती गेले, त्यातल्या किती आपण घरी आधी करून बघितल्या असत्या तर वाचल्या असत्या. शेठ कॉमर्सचे असल्याचा पहिल्यांदा फायदा झाला. माझ्यापेक्षा त्यांनाच आकडे आधी कळले. आर अँड डीचा हिशेब एप्रिलपासून वेगळा.

मग प्रदर्शनवाला प्रोजेक्ट काढला. घाम फुटला होता. ताईंचा ७१ केल्विनचा किस्सा सांगितला, मग दिंडोरीच्या काकांची विरळणी सांगितली. शेठ बराच वेळ गप्प होते. त्यांच्या मामांची पिंपळगावला बाग होती हे मला माहीतच नव्हतं. म्हणाले, "तोड. पण ज्याने चार वर्षं घालवली त्या पोराला आधी तू सांग, मेलने नको." सांगितलं. त्याला वाईट वाटलं, आणि थोडं सुटल्यासारखंही झालं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून ब्रेकरच्या टीममध्ये येऊन बसला.

सहीचं शेवटी, दारात उभा राहून विचारलं. शेठ हसले, उत्तर दिलं नाही. मी समजलो, नाही म्हणाले.

काल ब्रेकरच्या काँटॅक्ट असेंब्लीचं सुधारित ड्रॉइंग प्रिंट होऊन टेबलावर आलं. काढणारा, तपासणारा अशी दोन्ही पोरांची नावं आहेत. मंजुरीच्या रकान्यात गेली अकरा वर्षं जे नाव छापून यायचं ते नाही. कोरा आहे.

सही अजून केलेली नाही. स्प्रिंगची तार कोणती, त्याचं व्हेंडरकडून लेखी उत्तर यायचंय.

ओझरकर

घाई करू नकोस.